भिंतीवरचा नंबर

मेडिकलच्या जळीत वॉर्डात एकवीस वर्षं ड्रेसिंग करते मी.
जखम बघून कशानं भाजलं ते सांगते,
केसपेपर नंतर वाचते.
तेल शिंतोड्यांनी येतं.
वाफ मनगटावरून चढते, बांगडीपाशी जरा थांबते.
स्टोव्हचं मी विचारत नाही,
नवरा बाहेर गेला की बायका आपणच सांगतात.
पण ही अशी, पट्टीनं आखल्यासारखी,
चार कोपरे, कोपरे थोडे गोल,
ही पहिल्यांदा पाहिली नवतपाच्या तिसऱ्या दिवशी
प्रणय मौंदेकरच्या डाव्या मांडीवर.

वय तेवीस. काम : जेवण पोचवणे.
बाहेर सत्तेचाळीस होतं.
अजनीच्या सिग्नलवर हिरवी जाळी टांगलेली,
तिच्या सावलीत वीस गाड्या
आणि हा एकविसावा, अर्धा उन्हात.
खिशात फोन, फोनला पॉवर बँक,
कानात ती बाई : दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.
"आधी वाटलं ऊनच आहे," तो म्हणाला.
"नागपुरात गरम लागलं तं कोन पाह्यते, मॅडम?"
मग धूर.
मग पँट, नायलॉनची, मांडीलाच चिकटली.
रसवंतीवाल्यानं बादलीभर पाणी ओतलं.
बर्फ नाही, पाणी.
त्या माणसाला कुणीतरी नीट शिकवलं असावं.

मी नायलॉन भिजवून भिजवून सोडवत होते
आणि तो छताकडे बघत विचारत होता,
"ऑर्डर कॅन्सल झाली असन का?
रेटिंग जाईन माझं."
दोन सावजी थाळ्या होत्या.
रस्सा सांडला नाही म्हणे, थेंबभर.
फोन उशाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पोट फुगलेला, काच तडकलेली,
जसं त्यालाही भरती करून घेतलंय.

सिस्टर फॉर्म घेऊन आली. नातेवाइकाचा नंबर?
आईचा?
"फोनमधी आहे."
बहिणीचा?
त्यानं पिशवीकडे पाहिलं.
मित्र कोणी? मालक?
मला वाटलं, आता रडतो हा,
कातडी सोलताना नाही रडला तो.

मग एकदम, पाढा म्हणावा तसे
दहाच्या दहा आकडे.
"कोणाचा?"
"कूलर दुरुस्ती. घरासमोरच्या भिंतीवर लिहिलाय.
लहानपणापासून दात घासताना वाचतो."

मीच लावला. पलीकडे मोटारची घरघर,
"बोला, पंप का पंखा?"
म्हटलं, पंप नाही, पंखा नाही,
तुमच्या समोरचं घर. मौंदेकर.
त्यानं फोन ठेवलाच नाही.
चपला ऐकू आल्या, गल्ली, एक कुत्रं,
मग "काकू वो!" अशी हाक.
तिथं मी बंद केला. पुढचं मला ऐकायचं नव्हतं.

चाळीस मिनिटांत दोघं आले,
कूलरवाल्याच्या हातांना ओल्या वाळ्याचा वास,
आईच्या हातात रिकामा डबा.
घाईत कुठला उचलला तिलाच ठाऊक नाही.
तिनं मांडी नाही पाहिली, पिशवी पाहिली.
"आठ हप्ते बाकी आहेत याचे," म्हणाली,
आणि मग मुलाच्या केसांत हात घातला
आणि तो तिथंच ठेवला, पाऊण तास.

पाच वाजता हात धुतले.
एप्रनच्या खिशात माझा फोन, छातीशी,
तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीएवढा ऊन.
काढून टेबलावर ठेवला, खिडकीपासून लांब.
लेकीचा नंबर आठवून पाहिला.
सहा आकडे आले.
सातवा शून्य असावा, किंवा आठ.

घरी लाइन गेलेली. मेणबत्ती लावली,
शेजारच्या पोट्ट्याकडून खडू मागून आणला.
नवरा म्हणाला, "काहून भिंत खराब करून राहिली?
दिवाळीलेच तं रंग दिला."
मी बोलले नाही,
तिसरा आकडा लिहीत होते.